पहिल्याला बाप्तिस्मा कोणी दिला?

१२ जानेवारी २०२६, सोमवार

तिसरं प्रकरण सुरू केलं आणि पहिल्याच ओळीला अडले. अमेरिकेतल्या पहिल्या बाप्टिस्ट चर्चची स्थापना, १६३८ — आणि इमारतच नाही! बारा-एक माणसं कुणाच्या तरी घरात जमायची. पुढं साठेक वर्षं स्वतःचं छप्पर नव्हतं. मग स्थापलं काय?

"मंडळी लिही," बाबा खाटेवरून म्हणाले. "माणसं जमली की मंडळी. भिंतीचं काय एवढं?"

त्यांना शहाऐंशी वर्षं झाली, पण कान अजून तिखट आहेत. मी पुटपुटले तरी ऐकू जातं. 'मंडळी' लिहिलं. चांगलं बसलं. पुण्याच्या प्रकाशकाला मार्चमध्ये अनुवाद हवा आहे. कॉलेजातून निवृत्त झाले तरी इतिहास काही मला सोडत नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. डॉक्टर घरी येऊन गेले. हृदय थकलंय म्हणाले. "जे मागतील ते खाऊ द्या." डॉक्टर असं कधी म्हणतात ते मला कळतं.

कडूबाईनं बाबांच्या हातावर तिळगूळ ठेवला. ती जवळच्या बिडकीन गावाहून येते, दिवसभर बाबांजवळ असते. "आजोबा, आता तरी गोड बोला. लई खेकसता तुम्ही." बाबा हसले.

एक गोष्ट लिहून टाकते, कारण दुसरीकडं सांगायची सोय नाही. आठ वर्षांची होते. चुलतभावाची, चिन्मयची, मुंज झाली. त्याला उपरण्याखाली घेऊन काकांनी कानात गायत्री सांगितली. मी हट्ट धरला — मलाही सांगा. बाबा पूजेची भांडी पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "मुलींना नसतं ते." विषय संपला. आमच्या गुलमंडी भागातल्या निम्म्या घरांचे हे गुरुजी, शेकडो मुंजी लावल्या, आणि घरात मूल एकच — मी.

आता एकसष्ट वर्षांची आहे. गायत्री काय, मोबाइलवरही वाजते. ती नकोय मला. बाबांनी जवळ घेऊन सांगितलेली हवी आहे. ते जायच्या आत. या वयात हसू येतं स्वतःचं, पण हवी आहे.

१७ जानेवारी, शनिवार

जेवणानंतर बाबांना झालेलं भाषांतर वाचून दाखवते. आज मजा आली. रॉजर विल्यम्स नावाचा धर्मोपदेशक. कुणाच्या श्रद्धेत सरकारनं नाक खुपसू नये असं म्हणाला, म्हणून वसाहतीतून हाकलला गेला. ऐन थंडीत, बर्फातून. पुढं त्याच्याभोवती माणसं जमली. त्यांचं म्हणणं — तान्ह्या बाळाला दिलेला बाप्तिस्मा खरा नव्हे, ज्याचा त्यानं समजून मागायला हवा. म्हणजे त्यांच्याच हिशेबानं त्यांच्यापैकी एकाचाही झालेला नव्हता!

बाबा उठून बसले. "मग पहिल्याला दिला कोणी?"

मी पुढचं वाचलं. त्यांच्यातलाच एक साधा माणूस होता, हॉलिमन. त्यानं विल्यम्सला दिला. मग विल्यम्सनं त्याला आणि बाकीच्यांना.

"ज्याचा स्वतःचाच झाला नव्हता, त्यानं दिला?"

"हो."

"आणि चाललं?"

"चाललं."

"वरच्यालाही?"

"त्याबद्दल पुस्तकात काही नाही, बाबा."

हसतील वाटलं. हसले नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

१८ जानेवारी, रविवार

तेच पान पुन्हा वाचायला लावलं. दोनदा.

२१ जानेवारी, बुधवार

आज पुढचं वाचलं आणि पस्तावले. काही महिन्यांतच विल्यम्स मंडळी सोडून गेला. असा बाप्तिस्मा द्यायचा अधिकार आपल्याला आला कुठून, असा त्याला संशय आला.

बाबांनी ताट सरकवलं. "येणारच संशय. माणूस प्रामाणिक होता." मग थोड्या वेळानं — "बाकीचे राहिले ना पण? मोडली नाही ना मंडळी?"

"नाही मोडली. अजून आहे."

"हां," म्हणाले. पण जेवले नाहीतच.

कडूबाईनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "ताई, तुमच्या त्या गोऱ्या सायबापायी आजोबा उपाशी बसले. काहीतरी चांगलं वाचत जावा की."

खरंच, बाबांना एवढं काय लागलंय त्यात?

२४ जानेवारी, शनिवार

विचारलं शेवटी. त्यांची नखं कापत होते, तोंडाकडं बघावं लागत नाही म्हणून धीर झाला. "बाबा, मला का नाही सांगितलीत गायत्री? मुलगी म्हणून?"

त्यांनी दुसरा हात पुढं केला. मग म्हणाले, "मनू, माझी मुंजच झाली नाही."

हात थांबला माझा.

अठ्ठेचाळीस साल. वैशाखातली तिथी धरलेली, मांडव पडलेला. रझाकारांची धामधूम वाढली आणि घर होतं तसं टाकून सगळे नगरकडं निघाले. वाटेत बाबांचे वडील तापानं गेले. बाबांच्या काकांनी आठ वर्षांच्या त्यांच्या गळ्यात जानवं अडकवलं — लोक विचारतील म्हणून. कानात कुणी काही सांगितलं नाही. पुढं पाठशाळेत दुसऱ्या पोरांचं ऐकून शिकले. आधी सांगायला लाज वाटली, मग सांगण्यासारखं राहिलं नाही.

"अन् इतक्या मुंजी लावल्यात त्या?"

"कानात बाप सांगतो गं. गुरुजी बाहेरून विधी चालवतो. मला कधी सांगावीच लागली नाही." मग हळूच, "तू मागितलीस तेव्हा माझ्यापाशी द्यायला नव्हती. मुलींना नसतं म्हणालो — सोयीचं होतं ते."

उरलेली नखं न कापताच मी उठले.

२५ जानेवारी, रविवार

खूप चिडले आहे. त्रेपन्न वर्षं मी समजत होते की मी कमी पडले. एका वाक्यात सांगता आलं असतं! भाजीत मीठ दोनदा घातलं.

संध्याकाळी चहा दिला, तो त्यांना एकट्यानं घेता येईना. बशी मी धरली. आठ वर्षांचा, बाप नुकताच गेलेला, गळ्यात कुणाचं तरी जानवं — त्या पोरावर कसं चिडायचं? नाही चिडता येत. किती एकटे राहिले असतील एवढ्या वर्षांत, आई असूनसुद्धा.

नखं पुरी करून दिली.

२७ जानेवारी, मंगळवार

सकाळी अंघोळ घातल्यावर बाबा म्हणाले, "तुला येते का गं?" येते म्हटलं. रोज तुमची संध्या चालायची, मी आत पोळ्या लाटत ऐकायची. "मग आधी तू सांग," म्हणाले, "नंतर मी." उपरणं मीच ओढून घेतलं दोघांच्या डोक्यावरून. त्यांच्या कानाशी तोंड नेलं. कडूबाई दारात येऊन म्हणाली, "काय चाललंय हे?"

बाबा आतून म्हणाले, "थांब जरा. माझी मुंज चाललीय."