दोन शिट्ट्यांत डाळ

१२ जानेवारी
अण्णांनी आज हद्दच केली! कॉलेज सुटल्यावर भोकरदनहून केदारखेड्याला पोचले तर दारातच गाठलं. "आकांक्षा, आपल्या बोअरात आर्सेनिक तर न्हाई ना?" मोबाइलवर बंगालच्या हापशांचा व्हिडिओ पाहिलाय. त्यांची झोप उडाली!

रसायनशास्त्र शिकवते मी — तासच घेतला. नद्या हिमालयातून गाळ आणतात. गाळाच्या कणांवर लोखंडाचा गंज, गंजाला आर्सेनिक चिकटलेलं. सोबत गाडलेला पाला कुजतो, खालचा प्राणवायू संपतो. मग जिवाणू तो गंजच विरघळवतात आणि आर्सेनिक पाण्यात मोकळं! कुणी विष कालवत नाही, जमीनच सोडते. आपल्याकडे काळा पाषाण, अण्णा. तसला गाळच नाही.

"तरी बी तपास. पोरगी पिती ते पाणी." पोरगी म्हणजे कल्याणदादाची आर्वी, सात वर्षांची.

१४ जानेवारी
बोअरच्या पाण्याची बाटली जालन्याच्या प्रयोगशाळेत दिली. फक्त आर्सेनिक बघा म्हटलं. बाकीचं उगाच कशाला!

१९ जानेवारी
आई फुगलीय. "एवढं गोड पाणी अन् तुमी त्यात इष शोधून राह्यले!" तिचा पुरावा डाळ. जुन्या विहिरीच्या पाण्यात ती टणक राहते, बोअरच्या पाण्यात दोन शिट्ट्यांत मऊ. अख्खी गल्ली आमच्याकडून पाणी नेते ती त्यासाठीच. खरंच आहे — विहिरीच्या पाण्यात चुना भरपूर, बोअरच्या जवळजवळ नाहीच. हे समजावायला गेले तर म्हणाली, "मला नको शिकवू. कुकर सांगतो."

२४ जानेवारी
आर्सेनिक नाही! म्हटलं नव्हतं? अण्णा घरोघर सांगून आले — "बिलकुल साफ, बिनघोर भरा." माझी कॉलर ताठ!

२ फेब्रुवारी
आर्वीचे पुढचे दोन नवे दात आलेत. फोटो काढायला हसली. दातांवर खडूनं ओढल्यासारखे पांढरे पट्टे, कडेला तपकिरी. "नीट घासत न्हाई," वहिनी म्हणाली. मी ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं. निघत नाहीत.

फ्लोराइड. दात घडत असताना ते पाण्यातून जास्त पोटात गेलं की असेच पट्टे उमटतात. तेही खडकच सोडतो, आपला काळा पाषाणसुद्धा. पाण्यात चुना असला तर तो त्याला धरून खाली बसवतो. नसला तर साठत जातं. हे दरवर्षी शिकवते मी! आणि आर्वी जन्मल्यापासून बोअरचंच पिते.

भीती वाटतेय. उद्या दुसरी बाटली. गल्लीत आत्ताच सांगून आले, तोवर विहिरीचं भरा. आई म्हणते, डाळ शिजायची न्हाई.

न शिजो.