मला आपलं वाटतं

दि. ४ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे असं वाटतं. खुर्च्यांच्या कारखान्यात मला सहा महिने झाले. पॉलिश खात्यात घासून घासून माझ्या बोटांचे ठसेच गेले असावेत, असं मला आपलं वाटतं.

एक सांगू की नको, कळत नाही. पहिलीतल्या पोरांसाठी चारशे खुर्च्यांची ऑर्डर आलीय. नवीन डिझायनरसाहेबांनी नमुना काढलाय, दिसायला देखणा, मागचे पाय छान बाकदार. पण तो पाय घासताना बोटाला कळलं की वळणापाशी लाकडाच्या तंतूंची रेषा आडवी जाते. तिथून तो मोडेल, असं मला वाटतं. पोरं मागे रेलून डुलतातच गं, एखाद्याचं डोकं फुटायचं!

पंधरा तारखेला मालकांपुढे मीटिंग आहे. आमच्या मुकादमबाई म्हणाल्या की तूच बोल. मला आपलं वाटतं की मी बोलू नये, साहेब शिकलेले आहेत. पण त्या पोरांमुळे जीव थाऱ्यावर नाही. तुला काय वाटतं?

लोभ असावा, असं आपलं म्हणते.
तुझी गोगलगाय

दि. ८ जून

चि. गोगलगायीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र सोबत परत पाठवते आहे. छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासली, लाल पेन्सिल काही हातातून सुटत नाही. पाच 'वाटतं' आणि तीन 'आपलं' गोल केले आहेत. अगं, एवढं वाटायचंच असेल तर घरात मिक्सर आहे! आणि ठसे गेले की राहिले, हे बोट बघून सांगता येतं.

नीट ऐक. 'वाटतं' वाईट नाही. पाऊस येईलसं वाटतं, भाजीत मीठ कमी वाटतं, तिथे ते शोभतं. पण जे तुझ्या बोटांना ठाऊक आहे, तिथे 'माझ्या मते' म्हण आणि लगेच 'कारण' जोड. बिनकारणाचं मत म्हणजे नुसता हेका. कोणी उडवून लावलं, तर 'माझं स्पष्ट मत आहे' म्हण. 'माझी खात्री आहे' हे मात्र पुरावा समोर असेल तेव्हाच काढायचं. आणि 'लहान तोंडी मोठा घास' वगैरे म्हणशील तर खबरदार! ताकाला जाऊन भांडं लपवू नये.

तुला कधी सांगितलं नाही. एका औषधाच्या पत्रकात थेंबांचा आकडा मला खटकला होता. मी समासात बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं आणि मूग गिळून बसले. ते कोणी पाहिलं नाही, आकडा तसाच छापला गेला. एक बाई आठ दिवस अंथरुणाला खिळली. वाचली बिचारी, पण ते प्रश्नचिन्ह मला अजून टोचतं. तू बोल.

आणि 'लोभ असावा' काय? लोभ आहे.
आत्या

दि. १५ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

जिंकले गं! बसथांब्यावरच लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

मीटिंगमध्ये उभी राहिले. तोंडातून 'मला आ' एवढं गेलंच, ते गिळलं आणि म्हटलं की माझ्या मते हा पाय मोडेल, कारण वळणापाशी लाकडाची रेषा आडवी जाते. साहेब हसले. म्हणाले की पॉलिशवाल्यांनी पॉलिश बघावं, या खुर्चीवर दोन माणसं नाचली तरी तिला काही होणार नाही. आत्या, माझं डोकंच फिरलं! मी म्हटलं की कागद तुमच्या हाताखाली असतो, लाकूड माझ्या. आणि माझं स्पष्ट मत आहे की ही खुर्ची शाळेत जाऊ नये.

साहेब ऐटीत त्या नमुन्याच्या खुर्चीवर बसले. मालकांनी त्यांना पोरांसारखं रेलून डुलायला सांगितलं. एकदा डुलले, दोनदा डुलले, तिसऱ्यांदा कडाड! साहेब जमिनीवर आणि बूट छताकडे. पाय मोडला तो बरोबर त्या वळणापाशी. मग मालकांनी जुनी, सरळ पायांची खुर्ची आणवून त्यांना तसंच डुलायला लावलं. ती हूं की चूं करेना.

आता तुमचं म्हणणं काय, असं मालकांनी विचारलं. साहेब कोपर चोळत म्हणाले की त्यांना आपलं वाटतं, लाकूड जरा ओलं असावं. मला तुझी लाल पेन्सिल आठवली आणि मी सगळ्यांदेखत खो खो हसले!

चारशे खुर्च्यांना सरळ पाय लागणार. आणि यापुढे माझं लेखी मत घेतल्याशिवाय कुठलाही नमुना पुढे जाणार नाही, असा मालकांचा हुकूम आहे. लेखी मत, आत्या, माझं!

बोटांचे ठसे बघितले. आहेत.

लोभ आहे, मला ठाऊक आहे.
तुझी गोगलगाय

दि. १८ जून

चि. गोगलगायीस,
अ. उ. आ.

पेन्सिलीला टोक काढून बसले होते, पण एकही गोल काढता आला नाही. एक 'वाटतं' सापडलं, ते साहेबांचं; त्यांचं त्यांनी निस्तरावं. पत्र शेजारणीला वाचून दाखवलं, मग दूधवाल्याला, मग पुन्हा शेजारणीला. ती बिचारी कंटाळली.

गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते खोटं नाही. तुझे पाय मात्र सरळ रेषेचे निघाले गं पोरी! फार रडले, आनंदाने रडले. इतक्या वर्षांनी ते प्रश्नचिन्ह आज टोचलं नाही.

त्या खुर्च्यांवर चारशे पोरं खुशाल डुलतील आणि एकही पडणार नाही. असं मला वाटत नाही, माझी खात्री आहे.

लोभ आहेच.
आत्या