बिबड्यांच्या फोटोतला हात

अमळनेर, गुरुवार संध्याकाळ

आमचं बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, ऑनलाइन दुकान फार हळू उघडतं, म्हणून आज सगळे फोटो लहान केले. एक सोडून. त्यात बिबडी सासूबाईंच्या तळहातावर आहे. फोटो काढताना त्या म्हणाल्या होत्या, "फोटोमा माना हात कसाले वं माय?" दिवाळीनंतर त्या गेल्या.

फोटो लहान केला, तर मनगटावरच्या गोंदणाचा नुसता डाग झाला. परत होता तसाच ठेवला. हे म्हणाले, "अगं, तेवढ्यापायी गिऱ्हाईक निघून जातं." खरंय. पण गोंदण कसं पुसू?

आता मोबाइलवर पान उघडून बसलेय. फोटो वरून खाली हळूहळू उमटतोय. बिबडी आली, बोटं आली, गोंदण आलं. फोटो तिथेच संपतो, ठाऊक आहे. तरी चेहरा येईल म्हणून थांबलेय.