बस येईपर्यंत थांब, आणि अक्षराची दोन लग्नं

हाउन्सलो,
रविवार, ६ जुलै २००३

ती. उल्हासदादा यांना,

प्रमोदचा साष्टांग नमस्कार. (कमरेची सध्याची अवस्था पाहता आठांपैकी पाचच अंगं टेकली आहेत, उरलेली तीन पोचली असं समजावं.) आम्ही इकडे सगळे खुशाल. तुमचा नवा गुडघा काय म्हणतो? वहिनी फोनवर सांगत होत्या की तुम्ही घरात काठीशिवाय चालता आणि बेल वाजली की काठी शोधता. ऐकून फार बरं वाटलं, म्हणजे प्रकृती पूर्वपदावर आली. गुडघ्यामुळे तुम्हाला मिरजेहून अक्षराच्या लग्नाला येता आलं नाही, याबद्दल इथे सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. माझी हळहळ जरा निराळी आहे, तिच्याकडे मी शेवटी येतो. आधी लग्नाची हकीकत. म्हणजे दोन्ही लग्नांची.

पण त्याआधी गाणं. 'स्टे टिल द बस कम्स' तुम्ही विसरला असाल असं मला वाटत नाही. आपण दोघं भाड्याने राहत होतो त्या घरात, खालच्या तुमच्या खोलीत तो रेकॉर्ड प्लेअर होता आणि आपल्याकडे धड अशी ती एकच रेकॉर्ड होती. गाणारी डेट्रॉइटची. तिचं नाव लांबलचक होतं, पण आपण तिला नुसतं 'बाई' म्हणायचो, आपल्याकडे मोठ्या गाणाऱ्या बायकांना आदराने म्हणतात तसं. गाण्यात तसं काहीच घडत नाही. एकाला निघायचं आहे, बाई त्याला म्हणतात बस येईपर्यंत तरी थांब, आणि गाणं संपलं तरी बस काही येत नाही. (लिहिणाऱ्याने आपल्या कोपऱ्यावरचा स्टॉप पाहिलेला असणार.) आणि तिसऱ्या कडव्यानंतरची ती गंमत! वाद्यं थांबतात, बाई थांबतात, आपल्याला वाटतं संपलं, सुई नुसती खरखरत राहते. मग अगदी हळू, शेजारी बसून सांगावं तशा, बाई पुन्हा 'स्टे' म्हणतात. दादा, सगळं गाणं त्या थांबण्यात आहे. ते काढलं तर उरते ती नुसती बसची चौकशी.

बहात्तरच्या फेब्रुवारीत गिरिजा आली, तेव्हा आमचं लग्न होऊन आठ महिने झाले होते, पण त्यातले साडेसात व्हिसात गेले होते. इथे आल्यावर पहिले तीन आठवडे ती माझ्याशी 'हो', 'नाही' आणि 'मीठ देऊ?' एवढंच बोलली. मला वाटलं, बिचारीला मी आवडलो नाही, थंडी आवडली नाही, आता ही परत जाणार. मग एका दुपारी घरात ते गाणं लागलं आणि ती आपण होऊन पहिलं वाक्य बोलली, "ते गाणं परत लावाल का?" आमचा संसार मी तिथपासून मोजतो. ही गोष्ट मी अक्षराला इतक्यांदा सांगितली आहे की 'बहात्तरच्या' एवढं ऐकलं तरी ती चहाची किटल लावायला उठते. म्हणून माझी एकच हौस होती. तिच्या लग्नात ते गाणं झालं पाहिजे, बाईंचं, थांबण्यासकट. मुलीच्या बापाला हौस विचारायची पद्धत नाही, पण ही एक मी सोडणार नव्हतो.

आडवा आला काळ. तुम्ही सुखी आहात दादा, तुम्हाला पुढे या गाण्याचं काय काय झालं ते ठाऊक नाही. शहाऐंशी साली डोळ्यांत काजळ घातलेल्या एका तरुणाने ते म्हटलं. पाठीमागे माणसं नव्हतीच, नुसती यंत्रं ठोके देत होती, आणि तो असा काही गायला की बस आली काय न आली काय, त्याला घ्यायला गाडी येणारच होती. मग कोणीतरी त्याचं बिनशब्दांचं बासरीवरचं रूप काढलं. ते तुम्ही कुठेही फोन केलात आणि त्यांनी तुम्हाला ताटकळत ठेवलं की ऐकू येतं. (गॅसवाल्यांच्या कृपेने मी ते सलग चाळीस मिनिटं ऐकलं आहे. गाण्याचा अर्थ बघता हे एकच रूप मला थोडंफार पटतं.) आणि या उन्हाळ्यात टीव्हीवरच्या स्पर्धेतून निवडलेल्या पाच पोरांनी ते गाऊन पहिल्या नंबरावर नेलं. पाच जण मिळून एका बाईला थांब म्हणतात! शेवटी सूर एकदम एक पायरी वर चढवतात, हात पसरतात, आणि ते मधलं थांबणं काढूनच टाकलं आहे, कारण म्हणे रेडिओवर एवढी शांतता चालत नाही. सध्या अर्ध्या लंडनच्या मोबाइलमध्ये तेच वाजतं. मी स्वयंपाकघरात बाईंचं गाणं गुणगुणत होतो तेव्हा अक्षरा, जिला मी ते पाळण्यात ऐकवलं ती अक्षरा, आश्चर्याने म्हणाली, "बाबा, हा गाणं तुम्हाला कसा येतो? इट्स ब्रँड न्यू!" त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. (थोडा भात खाल्ला.)

तर ठरलं असं की लग्नाच्या हॉलमध्ये पाच पोरांचं गाणं वाजणार. अक्षराला ते हवं होतं, कुशला अक्षराला हवं ते हवं होतं (मुलगा गुणी आहे), आणि आमच्या विहीणबाई, स्टॅनमोरच्या भावनाताई, यांनी डीजे ठरवला होता. भावनाताई मनाने चांगल्या आहेत, पण नवऱ्याला, मुलाला आणि कुत्र्याला एकाच आवाजात हाक मारतात आणि तिघंही धावत येतात. मी बाईंच्या रेकॉर्डचा विषय काढला तर म्हणाल्या, "प्रमोदराव, व्हिंटेज वगैरे ठीक आहे, पण लोकांना डान्स करायचाय हो." मी चार दिवस घरात कोणाशी बोललो नाही. ते कोणाच्या लक्षात आलं नाही म्हणून पाचव्या दिवशी बोललो. तेव्हा गिरिजानेच तोडगा काढला. म्हणाली, मंगलाष्टकाला चाल कोणतीही चालते, बापाने म्हटलेलं मंगलाष्टक कोण अडवणार?

दादा, हे मला सुचायला हवं होतं! आपल्या लग्नात नाही का, कोणाची आत्या, कोणाचे काका खिशातून कागद काढतात आणि जी चाल घशाला बसेल तीत म्हणतात? मी लगेच बसलो आणि चार कडव्यांचं मंगलाष्टक रचलं. कुलस्वामिनी आली, दोन्ही घराणी आली, हाउन्सलो आणि स्टॅनमोर एका ओळीत बसवले आणि सगळं बाईंच्या चालीत. महिनाभर मागच्या शेडमध्ये तालीम केली. रघुवीर गुरुजींना विचारलं, तर ते म्हणाले, म्हणा की, मुहूर्त गाठायला वेळ भरून काढावाच लागतो. (हे गुरुजी सोमवार ते शुक्रवार कौन्सिलच्या पार्किंग खात्यात असतात, त्यामुळे मिनिटांच्या बाबतीत दयामाया नाही.) मुहूर्त होता बारा वाजून सात मिनिटांचा.

शनिवार उजाडला. हॉल भरला. अंतरपाटाचं एक टोक गुरुजींच्या मदतनिसाकडे आणि दुसरं गिरिजाच्या भावाकडे, आपल्या अतुलकडे. गुरुजींची झाली, कुशच्या मावशीचं झालं, आणि अकरा चोपन्नला मी उभा राहिलो. दादा, खोटं सांगत नाही, आवाज लागला. पहिल्या कडव्याला लोक एकमेकांकडे बघू लागले, दुसऱ्याला अक्षराने पाटावरून मान वळवली, आणि तिसऱ्याला मी डोळे मिटले. तिसरं कडवं संपलं. 'सावधान' म्हटलं. आणि मी थांबलो, बाई थांबतात तसा.

बाईंचं गाणं माहीत असणारे त्या हॉलमध्ये दोनच, मी आणि गिरिजा. बाकी दोनशे माणसांनी ती शांतता ऐकली आणि बापाला गहिवर आला, संपलं, असं गृहीत धरलं. अतुलने हातातलं टोक सोडलं. दोनशे मुठी अक्षता एकदम पडल्या. डीजेने सनई लावली. कुशने घाबरून माळ घातली, अक्षरानेही घातली, टाळ्या झाल्या, आणि या सगळ्यात मी डोळे मिटून हळू आवाजात चौथं कडवं सुरू केलं. डोळे उघडले तेव्हा माझ्या मुलीचं लग्न लागलेलं होतं आणि घड्याळात अकरा अठ्ठावन्न झाले होते.

पुढची पाच मिनिटं मी लिहीत नाही. भावनाताई एवढंच म्हणाल्या की मुहूर्ताआधी लागलेलं लग्न त्या लग्न मानणार नाहीत, पण ते तीन वेळा म्हणाल्या. गुरुजींनी पोथी चाळली, घड्याळ पाहिलं आणि निकाल दिला की अंतरपाट पुन्हा धरता येईल. माळा उतरवून परत ज्याच्या त्याच्या हातात दिल्या. अक्षता एक दाणा शिल्लक नव्हता. खाली पडलेल्या चालणार नाहीत म्हटल्यावर केटररकडून कच्चा बासमती आणि हळद आली आणि घाईत हळद एवढी झाली की पुढच्या रांगेतल्या सगळ्यांची बोटं अजून पिवळी असतील. अंतरपाट धरला. चार मिनिटं उरली आणि म्हणायला कोणी नाही. मी पुढे झालो तर भावनाताईंनी माइक माझ्या हातातून काढून घेतला, आणि मला मान्य आहे, मीही काढून घेतला असता.

तेव्हा गिरिजा उठली. एकतीस वर्षांत ही बाई चार लोकांत कधी गायली नाही. तिने माझा कागद घेतला, अक्षराच्या मैत्रिणी उभ्या होत्या त्यांच्याजवळ गेली, त्यांच्यातल्या सियाच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि त्या सगळ्या इथे जन्मलेल्या पोरींनी तोंडाने ठेका धरला. पाच पोरांचा ठेका! त्यांना तोच येत होता. आणि गिरिजा त्या चालीवर माझं मंगलाष्टक म्हणाली, कुठेही न थांबता. शेवटी पोरींनी सूर वर चढवला आणि तीही त्यांच्याबरोबर चढली. सात मिनिटांच्या ठोक्याला अंतरपाट खाली आला. मी रडलो, दादा. ज्या गाण्याला मी महिनाभर नावं ठेवली, त्यात माझे शब्द आणि तिचा आवाज होता. अक्षरा नमस्काराला वाकली तेव्हा माझ्या कानात म्हणाली, "बाबा, पहिलावाला रिअल होता. दुसरा भावना आँटीसाठी." मला तेवढं पुरेसं आहे. दुपारी भाषणात मी बहात्तरची गोष्ट सांगितली आणि या वेळी कोणीही किटल लावायला उठलं नाही. भावनाताईंनीसुद्धा डोळे पुसले. (मग काही वेळ त्यांचे डोळे पिवळे दिसत होते.)

असं आमचं चाललं आहे. घर रिकामं आहे, पण वाईट वाटत नाही. वहिनींना नमस्कार सांगा, आणि गुडघ्याला जपा.

तुमचा,
प्रमोद

ता. क. : अक्षरा आणि कुश डिसेंबरात तुमच्या पाया पडायला मिरजेला येणार आहेत, दोन दिवस राहतील. कुश तिखट खात नाही, पण नाही म्हणायलाही लाजतो, तेव्हा बेताने वाढावं.

ता. क. दुसरा, आणि खरं तर याच्यासाठीच एवढं लिहिलं : मुलं तुम्हाला त्या गाण्याबद्दल विचारणार. भाषणात मी सांगितलं की त्या दुपारी रेकॉर्ड मी लावली होती. तुम्हाला माहीत आहे की मी लावली नव्हती. मी सकाळची ड्युटी करून घरी आलो तेव्हा ती खाली तुम्ही लावलेली होती, मी नुसता जिना चढून वर गेलो. गिरिजाने ते वाक्य म्हटलं, मी 'हो' म्हणालो, आणि खाली येऊन तुमच्या हातापाया पडलो म्हणून तुम्ही ती परत लावलीत. तिला वाटलं मीच लावली, आणि ते मी आजतागायत दुरुस्त केलं नाही. जन्मभर मूळ गाणं, मूळ गाणं म्हणून ओरडत आलो आणि माझ्या संसाराचे मूळ गायक तुम्ही निघालात. तेव्हा दादा, एवढं करा. मुलांनी विचारलं तर रेकॉर्ड प्रमोदने लावली असं सांगा. आणि उत्तर पत्राने नको, फोन करा. रविवारी सकाळी गिरिजा मंडळात असते.

ती. दादांना गिरिजाचा नमस्कार. हे पत्र टपालात टाकायला माझ्याकडे आलं आहे आणि पाकीट चिकटवायला हे नेहमीप्रमाणे विसरले. त्या दुपारी मी वरच्या खिडकीत उभी होते. हे फाटक उघडून आत आले तेव्हा बाईंचं दुसरं कडवं चालू होतं. लावणारे तुम्ही, हे मला तेव्हाच कळलं होतं. परत लावाल का, असं मी मुद्दाम विचारलं, हे काय करतात ते बघायला. पहाटेपासून उभं राहून आलेला माणूस बूटसुद्धा न काढता धावत खाली गेला. मुलांना हे म्हणतात तसंच सांगा. मला तेच व्हर्जन आवडतं.