अंतराचा पाट

६ नोव्हेंबर

अंतराने जिन्यावरून वाकून म्हटलं, "आलास? चप्पल आत घे, माकडं नेतात," आणि त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. म्हणून ही रोजनिशी आजपासून. नागपूरहून येताना गाडीत पाठ मोडून निघाली होती, ती त्या एका वाक्यानं सरळ झाली.

काल त्रिपुरी पौर्णिमा, म्हणजे इथली देवदिवाळी झाली. घाटाच्या पायऱ्यांवर अजून विझलेल्या पणत्या पडल्यात, सांडलेल्या तेलावरून पाय घसरतो. तिथून वर मंगलागौरीच्या गल्लीत हे घर. शरदिनीकाकू म्हणजे अंतराची आई, माझ्या आईची बालमैत्रीण. त्यांनी कचोरी-जिलेबी पुढ्यात ठेवली आणि विचारलं, कॉलेज सोडलंस ते सोडलंस, हात तरी चालतात ना? चालतात. तिसऱ्या वर्षाला एका सरांची कॉलर धरली आणि बाहेर पडलो, तेव्हापासून फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये हातच चालवतोय. सँडर, म्हणजे लाकूड घासायचं मशीन, माझा स्वतःचा आहे. तळहातात मावतो, मागे भुसा जमायला कापडी पिशवी. काकूंना सगळी दारं-खिडक्या घासून पॉलिश करून हवीत. घरात कार्य आहे म्हणाल्या. कुणाचं, ते मी विचारलं नाही. वरची खोली मला दिली आहे. खिडकीतून गंगा दिसते, आणि गच्चीवर केस वाळवणारी अंतराही.

८ नोव्हेंबर

पुढच्या दाराची एक झडप घासून झाली. वर निळा रंग, त्याखाली हिरवा, त्याखाली चॉकलेटी, आणि मग एकदम शिसवीचं काळंभोर लाकूड. आधी ऐंशी नंबरचा खरखरीत काचकागद, मग एकशेवीस, शेवटी दोनशेवीस. इथले लोक त्याला रेगमाल म्हणतात. मशीन दाबायचं नसतं, नुसतं फिरू द्यायचं. दाबलं की लाकडावर गोल गोल ओरखडे उठतात आणि पॉलिश केल्यावर तेच आधी दिसतात. हे अंतराला समजावलं तर म्हणाली, मग तुझ्यासारख्या तापट माणसाला हे काम दिलं कुणी?

देवघराच्या भिंतीवर एक लहानसा पाट टांगलेला आहे. सागवानी, ना रंग ना पॉलिश. हाही करून देतो म्हटलं तर काकूंनी माझं मनगटच धरलं. तो अंतराचा. बाळाच्या जन्मानंतर सटवी नशीब लिहायला येते तेव्हा लोक उशाशी कोरा कागद ठेवतात, यांच्या घरी कोरा पाट ठेवतात. पुढे मुलीबरोबर तो सासरी जातो. त्याला पाणीसुद्धा लावत नाहीत. मी म्हटलं, काकू, यावर तर काहीच लिहिलेलं नाही. त्या म्हणाल्या, "आपल्याला वाचता आलं असतं तर और क्या चाहिए था रे, बेटा!"

११ नोव्हेंबर

कार्य अंतराचंच आहे. मुलगा निमिष, लखनौला बँकेत. माझ्या आईलासुद्धा माहीत होतं.

गच्चीवर गाठून तिला सगळं सांगून टाकलं. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, ऋतुराज, मी कधी तुला तसं काही म्हटलं होतं का? नव्हतं म्हटलं. नागपूरच्या एका लग्नात तिने मला श्रीखंड वाढलं होतं. बाकीचं मीच वाढवत नेलं.

काम पुरं करून जाईन म्हणालो. खरं तर जायचं नव्हतं.

१३ नोव्हेंबर

हे लिहायची लाज वाटते. तरी लिहितो.

ती ओसरीत निमिषशी व्हिडिओवर बोलत होती. माझ्या मशीनचा आवाज ऐकून त्याने विचारलं असावं. ती हसत म्हणाली, "कोई नहीं, घिसाई वाले भैया हैं।"

भैया.

काकू संकठामातेच्या दर्शनाला गेल्या होत्या. मी देवघरात गेलो, पाट उतरवला, ऐंशीचा कागद लावला आणि अंगाचा सगळा भार टाकून दाबला. वरची पिवळी साय निघाली, खालून पांढरंफटक लाकूड आलं, तरी दाबतच होतो. थांबलो तेव्हा पिशवी गच्च भरलेली. ती खिडकीतून नदीकडे झटकली. वाऱ्याने सगळं नेलं. पाट उलटा करून पुन्हा टांगला, चोरासारखा.

त्याच वेळी ओसरीतलं तिचं बोलणं मधेच थांबलं. मला वाटलं, फोन कटला.

१४ नोव्हेंबर

अंतरा काल संध्याकाळपासून ओसरीत बसून आहे. फोन मांडीवर. तो वाजत नाही.

काकू म्हणाल्या दमली असेल. दुपारी हाताला धरून तिला गच्चीवर उन्हात बसवलं, हातात केळं दिलं. एक माकड आलं. इथली माकडं चष्मासुद्धा सोडत नाहीत. ते तिच्या शेजारी बसलं, अंग खाजवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि निघून गेलं. तिच्या हातातलं केळं त्याला दिसलंच नाही.

मी जवळ जाऊन हाक मारली. तिने पाहिलं, पण बघण्यात कुणी नव्हतं. कपाळावर एक रेघ नाही, भुवईपाशी लहानपणचा व्रण होता तोही नाही. ऊन तिरपं पडलं तेव्हा दिसलं. कपाळावर बारीक गोल गोल ओरखडे.

माझ्या हाताच्या दाबाचे. मी ओळखतो.

१५ नोव्हेंबर

निमिषकडून फोन नाही. मीच काकूंच्या फोनवरून लावला. त्याने विचारलं, कोण अंतरा?

काकूंनी दुपारी दोनच पानं वाढली, माझं आणि त्यांचं. तिसरं? म्हटलं तर हसल्या, कौन आ रहा है? मग साड्यांच्या ढिगाकडे बघत बसल्या. ह्या कुणाच्या रे? कार्य कुणाचं आहे आपल्याकडे? ती त्यांच्यासमोर बसली होती. त्यांनी तिच्या मांडीवर वाळायचे पापड पसरले.

मी सांगणार होतो. तोंड उघडलं. "काकू, पापड मोडतील," एवढंच बाहेर आलं. दुसऱ्याची कॉलर धरायला मी पुढे. स्वतःची धरायची तर हात वर होत नाही.

१६ नोव्हेंबर

पाट पुन्हा उतरवला. कोरा. आता खरंच कोरा.

सुताराच्या पेन्सिलीने लिहिलं : अंतरा उठते. ओसरीत ती उठली. मी धावत गेलो, आनंदाने रडू आलं. लिहिलं : अंतरा जेवते. ती जेवायला बसली. भात संपला. ताटावर बोटं फिरवत राहिली. मग बोटं चावायला लागली, रक्त येईपर्यंत — मी रबराने घासून घासून पुसलं तेव्हा थांबली.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. इतकं पाहूनसुद्धा मी —

लिहिलं : अंतरा ऋतुराजवर प्रेम करते.

१७ नोव्हेंबर

काकूंनी सकाळी चहा देताना जावईबापू म्हटलं. पत्रिकेवर माझं नाव आहे. छापलेलं.

ती माझ्याकडे बघून हसते. मी जिथे जातो तिथे येते. मी हसलो की हसते. मी थांबलो की थांबते. हात हातात घेतला तर थंड, वर बारीक पूड, घासून ठेवलेल्या फळीसारखा.

दुपारभर मला हे चाललं. खरं लिहितो. दुपारभर मी खूश होतो.

संध्याकाळी तिला म्हटलं, माझ्याबद्दल तुला काय वाटतं, सांग. म्हणाली, अंतरा ऋतुराजवर प्रेम करते. माझ्याच आवाजात.

१८ नोव्हेंबर

ती झोपत नाही. दाराशी उभी असते. प्रेम करते. डोळ्यांची पापणी — नाही हलत.

बाजारात गेलो तर मागून अनवाणी. पायाला काच लागली, रक्त, तरी चालतेच आहे. हसून. कुणी थांबवलं नाही. जावईबापूंची आहे म्हणतात.

पुसलं तर पुन्हा दगड. नाही पुसलं तर हे. जे लिहीन ते माझंच होणार. तिला भूक लागो लिहिलं तरी भूक माझी, रडो लिहिलं तरी रडणं मी दिलेलं —

तिचं होतं ते मी नदीवर झटकलं.

१९ नोव्हेंबर

सकाळी. रबराने सगळं पुसलं. माझं नाव आधी.

लिहिलं : अंतराला वाटेल ते.

बास. पुढे काही नाही. पूर्णविरामही दिला नाही.

ती बराच वेळ तशीच. मग पापणी हलली. पायाकडे पाहिलं, बोटांकडे पाहिलं. कळवळली. मग पाट पाहिला, माझ्या हातातली पेन्सिल पाहिली. कपाळावर आठी पडली. त्या ओरखड्यांच्या मधूनच, पहिली आठी, तिची. एवढं सुंदर मी कधी — नको.

सगळं आठवतंय तिला. दुपारसुद्धा.

मारेल वाटलं. मारलं नाही. बाहेर हो, म्हणाली. माफी मागायला लागलो तर म्हणाली, गप. आतून काकू ओरडतायत, अगं अंतरा, पायाला काय झालं हे. काकूंनी नाव घेतलं तिचं.

मशीन ठेवून जातोय. पाट तिने छातीशी धरलाय. मी हे लिहून थांबायची ती वाट बघते आहे, दारात उभी राहून. म्हणते, त्या वहीतही नाही. माझ्याबद्दल आता एक अक्षर लिहायचं नाही.

बाहेर आलो. दार मीच ओढून घेतलं. आत पावलं वाजली, ती —