आईची जिवणी

प्रिय आनंदराज,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते उघडलंस, म्हणजे लातूरला पाण्याची ओरड असली तरी तुझ्यात थोडा ओलावा शिल्लक आहे. फोन तू उचलत नाहीस. आई शेवटी माझ्याकडे नांदेडलाच राहिली, याचा राग तू इतका जपलास की एवढी निगा तू तुझ्या मोटारसायकलचीही राखत नाहीस.

बातमी अशी, की आईचं चित्र काढायला दिलंय. ती गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला ती भिंतीवर बाबांच्या तसबिरीशेजारी नको का? फोटो शोधले, तर एकही धड नाही. कॅमेरा दिसला की ती पदर ओढायची, नाहीतर भाकरी थापायला उठायची. आधार कार्डावर आहे, पण त्यात ती आई कमी आणि पोलिसांना हवी असलेली बाई जास्त दिसते. विष्णुपुरीचे मलप्पा चित्रकार म्हणाले, "ताई, ह्याच्यावरून हाडं जमतील, माणूस न्हाई जमायचा. घरचं कुणीतरी समोर बसवा." मीच बसले. मलप्पांना स्वतःच्या हाताचा भलता गर्व, मधूनमधून स्वतःलाच "वा!" म्हणत होते.

चित्र झालं. कपाळ आईचं, गोंदण आईचं. भोकरहून केवळामावशी आली, चष्मा पुसून म्हणाली, "अगं बाई, ही तुझी आई, भामा, कुठली? ही तूच हायस, लुगडं नेसून बसलेली. बघ की, कशी तडातडा बोलायच्या बेतात हाय!"

मी आधी चिडले, मग आरशासमोर जाऊन बसले. खरंच, ओठ माझेच. बोलून मोकळे होणारे. आई रागावली की गप्प व्हायची, खालचा ओठ आत घ्यायची, आणि तरी एका कोपऱ्यातून हसू निसटायचंच. ते माझ्याकडे आलंच नाही. स्वभाव ओठांत असतो, की ओठच वापरून वापरून स्वभावासारखे होतात? मलप्पांना विचारलं, तर म्हणाले, "ते मला कशाला इचारता? तसा ओठ कुणाला हाय, ते सांगा."

मावशी लगेच म्हणाली, "आनंद्याला."

तेव्हा रविवारी ये. मलप्पांनी जिवणी पुसून तेवढी जागा कोरी ठेवलीय. बिनतोंडाची आई भिंतीला टेकून उभी आहे, मला बघवत नाही. तुला नुसतं समोर बसायचंय, माझ्याशी बोलावं लागणार नाही. आणि राग सोडून येऊ नकोस, घेऊनच ये. तू रुसलास की हुबेहूब तिच्यासारखा दिसतोस.

तुझीच,
तोंडाळ ताई