शेवाळाचा डबा

चि. शिवांगीस निलंग्याहून किशनकाकाचा आशीर्वाद. कोकणात तुझी तब्येत बरी असेल, पावसात भिजत हिंडू नकोस. इकडे माझे गुडघे जसेच्या तसे आहेत आणि तुझी काकू तारामती चार दिवस बोललेली नाही. (एवढी शांतता मी जन्मभर मागत होतो, आता नको झाली.)

तू समुद्रातल्या लाल शेवाळाची भुकटी पाठवलीस. त्यातले घटक जनावराची आतली झीज कमी करतात का, ते तुला पाहायचं होतं. हरण्याला रोज चमचाभर द्या, खाल्लं की नाही ते वहीत लिहा, म्हणालीस. म्हातारपण काही जाणार नाही, असंही लिहिलं होतंस, पण ते वाक्य मी वाचलंच नाही असं धरलं. अठरा वर्षं दावणीला असलेला देवणी बैल, माणूस दुसरं काय करणार?

डबा उघडला आणि माळकऱ्याच्या गोठ्यात मासळीबाजार भरला. शेजारचा मलप्पा कुंपणावरून ओरडला, "किशनराव, गळ्यात माळ अन् बोंबील भाजून राहिले की काय?" तारामती म्हणाली, "त्यो डबा घरात आला तर मी माहेरी जाते." (वय चौसष्ट, माहेरच्या दाराला दहा वर्षं कुलूप.) हरण्यासमोर मी स्वतः चमचाभर खाऊन दाखवली. त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. रोज डबा तोंडाशी धरला की हुंगायचा, कडेला जीभ लावायचा आणि मान फिरवायचा. गुळात दिली तर गूळ चाटून भुकटी ठेवायचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. खात नाही तर कातडीतून तरी जाईल, म्हणून मी भुकटी लोण्यात कालवून त्याच्या खांद्याला चोळली. (हस, मलप्पाही हसला.) मग रीतीप्रमाणे त्याच्या कानाशी म्हणालो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

दुसऱ्या दिवशी पुरण शिजत होतं तेव्हा हरण्या बसला तो उठलाच नाही. आवतण घेतलेला पाहुणा जेवायच्या आधी गेला, शिवांगी. पोळ्या तारामतीनं मलप्पाच्या बैलांना चारल्या. ती स्वतः जेवली नाही, मीही नाही.

तुझा,
किशनकाका

ता. क. सोबत पाठवलेल्या वहीत एकवीस दिवस "खाल्लं, तरतरी आली" असं लिहिलंय, ते सगळं खोटं आहे. खात नाही म्हटलं तर तू त्याला तुझ्या प्रयोगाच्या यादीतून काढशील अशी भीती वाटली. यादीत होता तोवर तो बरा होईल असं वाटायचं. नोंदी खोडून टाक, तुझ्या भुकटीचा काही दोष नाही.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहिलंय. डबा परत मागू नकोस. तारामतीनं तो घरात आणून आपल्या उशाशी ठेवलाय. सकाळी उठली की झाकण काढून कडेला नाक लावते. आज चार दिवसांनी पहिल्यांदा बोलली: "मासळीचा न्हाई हो, त्याच्या तोंडाचा वास हाय."